तिसऱ्या पट्ट्यावरची डावी

मी बोलतेय ती डावी. उजवी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण जोडीतली शहाणी तीच, असं उजवीला पहिल्यापासून वाटत आलंय. तुमची भाषाही तिच्याच बाजूची. मुलीचं लग्न लावून दिलं की तिला उजवली म्हणता, कुणाला बाजूला सारलं की डावललं म्हणता. पण आमच्या घरात कोर्टाची पायरी चढलेली चप्पल एकच, आणि ती मी. सरकारी कागदावर माझी नोंद आहे : ‘चप्पल, डावी, नग एक.’ उजवीची कुठेच नाही. हे मी तिला दिवसातून एकदा तरी ऐकवते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. रबराचा तळ यंत्रानं कापला, वरचे तीन पट्टे मात्र एका म्हाताऱ्या कारागिरानं लाकडी साच्यावर ताणून हातानं बसवले. तो काम करताना सारखा पुटपुटायचा, “बाई गं, जिथं जाशील तिथं टिक.” प्रत्येक चपलेला हेच म्हणायचा, हे मला नंतर कळलं. तोवर मी फुशारून गेले होते.

दुकानात माणसांची एक गंमत पाहिली. चप्पल घालून बघायची म्हणजे गालिच्यावर दोन पावलं टाकायची, आरशात पाय बघायचे आणि म्हणायचं, “चावत नाहीये.” गालिच्यावर कुठली चप्पल चावते? आमच्या बाई आल्या त्या वेगळ्याच. म्हणाल्या, “बाहेर पायऱ्यांवर चढउतार करून बघू का?” दुकानदार धास्तावला. “ताई, परत याल ना?” बाईंनी पर्स गल्ल्यावर ठेवली, चार पायऱ्या तीनदा चढल्या-उतरल्या, आणि आम्हा दोघींना घालूनच घरी गेल्या.

बाईंचं काम पाण्याचे मीटर वाचण्याचं. फाटकाजवळचं लोखंडी झाकण उचलायचं, वाकायचं, मीटरची काच फडक्यानं पुसायची, आकडा वहीत लिहायचा, पुढचं घर. दिवसाला दीडशे घरं. झाकण उचललं की ते पडू नये म्हणून त्याला टेकण लागतं, ते टेकण म्हणजे बाईंचं डावं पाऊल, अर्थात मी. उजवी नुसती उभी असायची. लोक बाईंना ‘मीटरताई’ म्हणायचे. पाणी जास्त वापरणारे जास्त गोड बोलतात, हा माझा तिथला अभ्यास.

बाईंचा एका शब्दावर दात होता. तो शब्द म्हणजे ‘अंदाजे’. त्यांच्या खात्यातले काही जण झाकण जड आहे, कुत्रं भुंकतंय अशी कारणं सांगून गेल्या महिन्याच्या आकड्यावरून अंदाजे आकडा टाकून मोकळे व्हायचे. बाई कधीच नाही. “जे वाचलं नाही ते मी लिहीत नाही,” एवढंच म्हणायच्या. एकोणीस वर्षांत एकही आकडा अंदाजे नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि घरच्यांना वैताग. मीठ किती घालू, असं विचारलं तरी बाई चमचा शोधायच्या.

रस्ता ओलांडतानाही तेच. दहा पावलांवर समोरचं घर असलं तरी बाई वळसा घालून पादचाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर जायच्या, सिग्नलमधला हिरवा माणूस दिसेपर्यंत थांबायच्या. सोबतचे म्हणायचे, “ताई, गाडी कुठाय? चला की!” बाई म्हणायच्या, “तुम्ही व्हा पुढे. मला घाई नाही, मला घरी जायचंय.”

त्या दिवशी सकाळी हिरवा माणूस लागला. बाई उतरल्या. पहिला पट्टा, दुसरा पट्टा. तिसऱ्यावर मी टेकले, आणि बाजूच्या गल्लीतून फर्निचर पोचवणारी एक व्हॅन वळली. वळताना थांबायचं असतं, पट्ट्यावर कुणी आहे का बघायचं असतं. हे गाडी शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो. गाडीवाल्यानं ते ऐकलंही असणार. पण ऐकलेलं सगळंच माणसं पायांपर्यंत पोचू देत नाहीत, विशेषतः ब्रेकवरच्या पायापर्यंत.

पुढचं मी पोटावर पडून पाहिलं. म्हणजे पालथी. बाई कुठे पडल्या ते दिसलं नाही, पण आवाज ऐकला. तो मी सांगणार नाही.

व्हॅन तीस पावलं पुढे जाऊन विजेच्या खांबाजवळ थांबली. लोक धावले. आणि आता माणसांचा चांगुलपणा कसा नडतो ते बघा. खांबाशी एक सिमेंटचा बाक आहे, त्यावर सावली असते. चौघांनी बाईंना अलगद उचललं आणि त्या बाकावर नेऊन निजवलं. पाण्याची बाटली, मीटरची वही, पेन, सगळं गोळा करून तिकडे नेलं. मी तेवढी राहिले. मग एक सडपातळ म्हातारे गृहस्थ आले. मला उचललं, सुलट केलं, फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली आणि बाकापाशी नेऊन टाच मागच्या भिंतीला लावून नीट ठेवलं. मला बरं वाटलं. रुग्णवाहिका आली, बाईंना घेऊन गेली. उजवी त्यांच्या पायातच होती, ती गेली. मी बाकाखाली, शिस्तीत.

अर्ध्या तासानं पोलीस आले. पट्ट्यावर काही नाही. सगळं खांबाजवळ. व्हॅन खांबाजवळ, चप्पल खांबाजवळ. गाडीवाला म्हणाला, “इथंच झालं साहेब. बाई एकदम समोर आल्या.” पोलिसांनी लिहिलं : ‘चप्पल पादचारी पट्ट्यापासून अंदाजे वीस मीटर अंतरावर मिळून आली.’

अंदाजे! बाईंच्या चपलेबद्दल!

मला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलीस ठाण्याच्या कपाटात ठेवलं. शेजारी एक हेल्मेट आणि कुणाचा तरी फुटलेला आरसा. वाट बघण्याशिवाय उद्योग नव्हता.

या पुढचं बरंचसं मला उजवीनं सांगितलंय. ती तिखटमीठ लावते, पण लेकीच्या तोंडून ऐकलेल्याशी मी ताडून पाहिलंय.

बाईंचा डावा पाय तीन ठिकाणी मोडला होता. डोक्यालाही मार होता. दोनदा शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण दीडशे घरं विसरा. मग भरपाईचा दावा लावायचं ठरलं. बाईंच्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या, त्यांनी समजावलं, “साधं आहे. पादचारी पट्ट्यावर असेल, सिग्नल त्याच्या बाजूचा असेल, तर वळणाऱ्या गाडीनं थांबायचं. तो थांबला नाही, ही त्याची हयगय. हयगयीनं इजा झाली की भरपाई. सांगा, तुम्ही पट्ट्यावर होतात ना?”

बाईंनी आठवून पाहिलं. “पहिला पट्टा आठवतो. मग थेट दवाखान्याचं छत आठवतं.”

“पण तुम्ही नेहमी पट्ट्यावरूनच जाता.”

“नेहमी जाते. त्या दिवशी गेले का ते आठवत नाही.”

बाईंची नणंद तिथंच सफरचंद कापत बसली होती. ती सुरी खाली ठेवून म्हणाली, “अगं वहिनी, म्हण ना होते म्हणून! जीभ झिजणार आहे का? पाय तर झिजलाच आहे.”

“जे वाचलं नाही ते मी लिहीत नाही.”

“इथं काय मीटर आहे का वाचायला?” नणंद कपाळावर हात मारून म्हणाली.

वकीलबाई मात्र हसल्या. “नका म्हणू. आठवत नाही तर आठवत नाही असंच सांगा. दुसरं कुणी सांगणारं शोधू.”

शोधायला निघाली बाईंची लेक. कॉलेजात शेवटच्या वर्षाला, अंगात वारं भरलेली. जगातला प्रत्येक अन्याय आपल्याच वाटणीचा आहे असं समजणारी. ती त्या रस्त्यावरच्या एकेका दुकानात शिरली. “काका, तुम्ही अपघात पाहिलात?” “नाही बाळ, मी गिऱ्हाईक करत होतो.” “मावशी, तुम्ही?” “आवाज आला, मग आले.” बावीस जणांना विचारलं. बावीस जण नंतर आले होते. चौकातल्या कॅमेऱ्यानंही पाहिलं नव्हतं, तो सहा महिने झाडाची फांदी न्याहाळत बसला होता. लेक घरी येऊन ओरडली, “सगळे खोटारडे आहेत!” ते खोटारडे नव्हते. प्रश्न चुकीचा होता. पण पिशवीतल्या चपलेचं कोण ऐकतो?

मग व्हॅनच्या विमा कंपनीचं उत्तर आलं. सात पानं. त्यातल्या चार पानांवर मी होते. ‘चप्पल पट्ट्यापासून दूर सापडली, यावरून उघड होते की पादचारी महिलेने पट्ट्याचा वापर न करता, निष्काळजीपणे रस्ता ओलांडला. सबब दोष पूर्णपणे, निदान अर्धा तरी, तिचाच.’

लेकीनं ते वाचून दाखवलं. बाई रागावल्या नाहीत. तेच वाईट झालं. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “असेलही गं. कागदावर लिहिलंय. झाली असेल माझ्याकडून चूक.” आणि त्या दिवसापासून बाई स्वतःला वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या. नणंदेनं चहात साखर जास्त घातली तरी म्हणायच्या, “माझंच चुकलं, मी सांगायला हवं होतं.” एकोणीस वर्षं एकही अंदाजे आकडा न लिहिणाऱ्या बाईला एका अंदाजे आकड्यानं गप्प केलं. पाय मोडला तेव्हा बाई मोडल्या नव्हत्या. आता मोडायला लागल्या होत्या.

लेकीला ते सहन होईना. एवढी मोठी चप्पल वीस मीटर उडेल का, याचा ती हिशेब मांडायला लागली. एका सुट्टीच्या सकाळी, रस्ता रिकामा असताना, लांब फिरकीची टेप आणि उजवी चप्पल घेऊन ती त्या चौकात गेली. उजवीला पट्ट्यांच्या मधोमध ठेवलं, तिच्या बकलात टेपचं टोक अडकवलं आणि फिरकी सोडत सोडत ती खांबाकडे निघाली. खांबाशी पोचून आकडा वाचला. एकवीस मीटर चाळीस. वहीत लिहायला वाकली, पुन्हा टेपकडे पाहिलं, तर टेप सैल पडलेली. मागे वळून बघते तो काय! एक सडपातळ म्हातारे गृहस्थ उजवीला हातात घेऊन, टेपचं शेपूट ओढत, संथपणे तिच्याकडे येत होते.

“अहो आजोबा! ठेवा, ठेवा ती! मी मापतेय!”

“रस्त्यात चप्पल पडली होती, बाळ. कुणी अडखळलं असतं.” त्यांनी उजवीवर फुंकर मारली आणि टाच भिंतीला लावून बाकाखाली ठेवली. “रस्त्यात सापडलेलं मी इथंच ठेवतो. ज्याचं त्याला मिळतं. मागच्या महिन्यात छत्री होती.”

“तुम्हाला कुणी सांगितलंय का उचलायला? सगळं माप गेलं माझं!”

“रागावू नकोस. मागं एकदा अशीच एक होती, हिचीच जोडीदारीण बघ. तीन पट्ट्यांची. ती डावी होती. तीही इथंच आणून ठेवली होती मी.”

लेकीच्या हातून फिरकी पडली.

“कुठून आणलीत?” तिनं हळूच विचारलं, मांजराला विचारावं तसं, पळून जाऊ नये म्हणून.

“पट्ट्यावरून. तिसऱ्या. तू आत्ता सहाव्यावर ठेवली होतीस.”

हे आजोबा म्हणजे बाई जिथून रस्त्यात उतरल्या त्या कोपऱ्यावरचे घड्याळजी. लेकीनं त्यांना चार महिन्यांपूर्वी विचारलं होतं आणि त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, मी अपघात पाहिला नाही. चपलेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. “न विचारलेलं सांगायची मला सवय नाही,” ते म्हणाले. लेकीनं त्यांच्या पायाला हात लावावा की त्यांना गदागदा हलवावं, हे तिला ठरवता येईना. उजवी म्हणते, तिनं दोन्ही केलं.

घड्याळजी कोर्टात आले तेव्हा मीही हजर होते, पिशवीत, न्यायाधीशबाईंच्या टेबलावर. अठरा महिन्यांनी पहिल्यांदा बाई दिसल्या. काठी घेऊन बसल्या होत्या. किती वाळल्या होत्या! त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली, जणू मी त्यांच्याविरुद्ध साक्ष दिलीय. एका अर्थी दिलीच होती.

विमा कंपनीचे वकील उठले. गुळगुळीत आवाज, गुळगुळीत केस.

“तुम्ही अपघात पाहिला?”

“नाही.”

“का बरं?”

“डोळ्याला भिंग होतं. मान वर करेपर्यंत लोक धावत होते.”

“म्हणजे तुम्हाला अपघाताबद्दल काहीच माहीत नाही.”

“नाही. चपलेबद्दल माहीत आहे.”

“कुठे होती चप्पल?”

“तिसऱ्या पट्ट्यावर.”

वकिलांना विनोद सुचला. “पट्टा म्हणजे कोणता? चपलेचा, की घड्याळाचा? तुम्ही घड्याळजी आहात म्हणून विचारतो.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. घड्याळजी हसले नाहीत. “घड्याळाचा पट्टा मनगटावर असतो, साहेब. चपलेचा पायावर असतो. मी म्हणतोय तो रस्त्यावर असतो. तो दिसला की गाडी थांबवायची असते.”

आता सगळेच हसले. वकिलांनी घसा खाकरला. “तिसराच कशावरून? दुसरा असेल, चौथा असेल.”

“अकरा पट्टे आहेत. माझ्या बाजूनं तिसरा, पलीकडून नववा.”

“दोन्हीकडून मोजलेत?”

“एकीकडून मोजल्यावर बरोबर मोजलं की नाही हे कसं कळणार?”

काठी धरलेल्या बाईंनी एकदम मान वर केली.

वकिलांनी मग वळण घेतलं. “समजा, होती तिसऱ्या पट्ट्यावर. चप्पल हलकी वस्तू आहे. उडते. ती कुठे होती यावरून बाई कुठे होत्या हे सिद्ध होत नाही.”

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “वकीलसाहेब, तुमच्या सात पानांचा सगळा डोलारा या एका चपलेवर उभा होता. ती खांबाजवळ होती तेव्हा पुरावा, आणि पट्ट्यावर गेली की हलकी वस्तू? आणि व्हॅन पट्ट्याकडून खांबाकडे चालली होती ना? खांबाजवळ धडक बसली तर चप्पल उलटी मागे उडून पट्ट्यावर कशी येईल?”

वकील कागद चाळायला लागले. मी तिथं टेबलावर, प्लास्टिकच्या आत, उजवीपेक्षा दोन बोटं उंच झाले.

बाहेर व्हरांड्यात घड्याळजी बाईंसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “ताई, मी चांगल्यासाठी उचलली हो. तुमची वस्तू तुमच्याजवळ असावी म्हणून. माझ्या नीटनेटकेपणानं तुमचं वाटोळं होत होतं.”

लेक काहीतरी बोलणार होती, बाईंनी हातानं थांबवलं. त्या घड्याळजींकडे वळल्या.

“नक्की तिसरा?” त्यांनी विचारलं. “अंदाजे नाही ना?”

“मोजलाय, ताई. दोनदा.”

“मग मी पट्ट्यावर होते,” बाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. आणि अठरा महिन्यांत न रडलेल्या बाई तिथं, भर व्हरांड्यात, पदरानं तोंड झाकून रडल्या. घड्याळजींना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी बाईंची बाकावर कलंडलेली काठी उचलून भिंतीला सरळ लावून ठेवली.

निकाल दीड महिन्यानं आला. पूर्ण दोष गाडीवाल्याचा, दावा मंजूर. नणंदेनं विचारलं, “किती मिळाले?” बाईंनी ते नंतर बघितलं. आधी लेकीकडून एक ओळ वाचून घेतली, मग पुन्हा वाचून घेतली, मग स्वतः बोट ठेवून वाचली : ‘अर्जदार महिला पादचारी पट्ट्यावरूनच रस्ता ओलांडत होत्या.’ त्यानंतर चहात साखर जास्त झाली की त्या नणंदेला स्पष्ट सांगायला लागल्या, “चुकलंय, आणि तुझं चुकलंय.”

आता मी घरी आहे, दाराशेजारच्या फळीवर, उजवीला खेटून. बाईंच्या डाव्या पायाला जाड तळाचा खास बूट लागतो, म्हणजे माझा उपयोग संपला. उजवी अजून चालण्याजोगी आहे, पण एकट्या उजवीचं कोण काय करणार? एवढी वर्षं मिरवली, शेवटी माझ्यावाचून तिचं अडलंच. बाई ऑफिसात बसून इतरांच्या वह्या तपासतात. कुणी अंदाजे आकडा लिहिला तर त्यांना तो कागदावर नुसतं बघून ओळखू येतो. त्यांच्या हाताखालचे लोक म्हणे चळाचळा कापतात. कापू देत.

लेकीला मला काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. बाई म्हणाल्या, “चप्पल आहे ती. पेटीत काय ठेवतेस? झिजलेली आहे, झिजलेली दिसू दे.” बरं झालं. पिशवीत दीड वर्ष काढलंय मी, पुन्हा काच नको.

फळीवर पडल्या पडल्या एकच गोष्ट मनात येते. तुम्ही सगळे गाडीतून रस्ता बघता, वरून. मी तो जमिनीपासून बोटभर उंचीवरून पाहिलाय. तिथून गाडी म्हणजे फक्त एक चाक असतं, आणि ते येतं की थांबतं एवढाच प्रश्न असतो. बाकी तुमची घाई, तुमचा फोन, तुमचं उशीर झालेलं फर्निचर, यातलं काहीही तिथून दिसत नाही.

म्हणून मागणं एवढंच. पट्ट्यावर पाऊल दिसलं तर थांबा. दिसलं नाही तरी क्षणभर थांबा. ते उचललेलं असेल, अजून टेकायचं असेल. त्याला टेकायला जागा द्या.